टीममध्ये रिस्पॉन्सिव्ह वेबसाइट करताय? या चुका टाळा

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे फोन असो की लॅपटॉप, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणं मांडणी बदलणारी साइट. फायनल इयरच्या प्रोजेक्टला चार जणांची टीम झाली की पहिल्याच मीटिंगमध्ये वाटणी होते, तू होमपेज कर, तू बाजारभावाचं पान कर, मी काँटॅक्टचं पाहतो. पोट्टेहो, निम्मी गडबड इथंच होते. समजा वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांसाठी साइट करताय, तर चार पानांचे चार हेडर तयार होतात, एकाचा मेनू ७६८ पिक्सेल रुंदीला दुमडतो, दुसऱ्याचा ९९२ ला, तिसऱ्यानं बूटस्ट्रॅप हे तयार सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) टाकलं असते अन् चौथ्यानं सगळं हातानं लिहिलं असते. मग जोडायला बसले की एकाचं सीएसएस दुसऱ्याचं पान बिघडवते. म्हणून पानं वाटू नका, तुकडे वाटा. हेडर एकानंच करायचा, टेबल एकानं, फॉर्म एकानं, आणि रंग, फॉन्ट, ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते ती) यांची एकच फाइल पहिल्याच दिवशी सगळ्यांनी बसून ठरवायची.

फोनवर सगळं मुंगीएवढं दिसतंय आणि मीडिया क्वेरी (रुंदीप्रमाणं लागू होणारे सीएसएसचे नियम) लिहूनही काही फरक नाही? आधी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान फोनच्या रुंदीला बसव असं ब्राउझरला सांगणारी एचटीएमएलची ओळ, आहे का ते पहा. तो नसला तर फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो.

आता सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट, पान आडवं सरकणं. घाईत पोरं बॉडीला ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावून मोकळी होतात, कारण स्क्रोल गेला म्हणजे झालं असं वाटते, पण बाहेर गेलेला मजकूर तसाच कापला जातो. बाजारभावाचं टेबल घ्या: तारीख, बाजार समिती, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. ३६० पिक्सेलच्या फोनवर सहा कॉलम मावत नाहीत, आणि कापला जातो तो शेवटचा, सर्वसाधारण दराचा, ज्याच्यासाठी शेतकरी साइट उघडतो! सगळ्या एलिमेंटला तात्पुरती लाल आउटलाइन लावा, बाहेर कोण पळतंय ते लगेच दिसते. मग फक्त टेबलाभोवती डिव्ह घालून त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे तेवढं टेबलच आडवं सरकते, किंवा माझं ऐकाल तर छोट्या स्क्रीनवर प्रत्येक ओळीचं कार्ड करा आणि सर्वसाधारण दर वर, मोठ्या अक्षरात ठेवा.

मराठी मजकुराकडे तर कोणी पाहतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटते. इंग्रजीसाठीची १.२ लाइन-हाइट (ओळीची उंची) तशीच ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, १.६ च्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नका, शिरोरेषा तुटते. आणि टायपिंगवाल्याकडून आलेला मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर साइटवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

कोडची झिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, काहून तर 'फायनल', 'फायनल-२', 'लेटेस्ट फायनल' यातलं खरं कोणतं हे दोन दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही. गिट वापरा, ते कोडमधल्या बदलांची नोंद ठेवते. गावात लाइट गेली, रेंज नसली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर कमिट (बदलाची नोंद) होते, रेंजमध्ये आलं की आधी पुल (इतरांचे बदल घ्या) मग पुश (आपले पाठवा). कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोघांचे वेगवेगळे बदल) आला तर दोघांनी मिळूनच सोडवा, एकट्यानं दुसऱ्याच्या ओळी उडवायच्या नाहीत.

लॅपटॉपवर दिसणारा लोगो गिटहब पेजेसवर (साइट इंटरनेटवर ठेवायची जागा) गायब झाला तर फाइलचं नाव पहा. विंडोजला कॅपिटल-स्मॉल सारखंच, तिथं नाही. नावं सगळी स्मॉल, मध्ये स्पेस नको.

आणि लॅपटॉपवरच्या क्रोमच्या मोबाइल व्ह्यूवर विसंबू नका. हॉटस्पॉटवर लॅपटॉप आणि घरातला सगळ्यात जुना फोन जोडा, लाइव्ह सर्व्हर (व्हीएस कोड एडिटरचं एक्स्टेन्शन) चालू करा, फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पुढे ५५०० पोर्ट टाका, मग तो फोन घेऊन भर दुपारी उन्हात उभे राहा, फिकट करड्या अक्षरातलं किती वाचता येते ते कळेल. फोनवर पान उघडतच नसेल तर बहुतेक वेळा विंडोजच्या फायरवॉलनं अडवलेलं असते, तिथं परवानगी द्या.