पुस्तकातून वेब डेव्हलपमेंट शिकताना या चुका टाळा आणि दुधाचा हिशोब जुळवा

पुस्तकाची चारशे पानं वाचून झालेली असतात, उदाहरणं सगळी चाललेली असतात, आणि तरी कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. माझ्याकडे कोडिंग शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी इथेच रुतलेली असते. त्यात बुद्धीचा काही दोष नाही. पुस्तकातली उदाहरणं चालतील अशीच निवडलेली असतात, त्यामुळे जिथे ठेच लागायला हवी तिथे ती लागतच नाही.

पुस्तकाचं साल न बघणं

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं स्वस्तात आणायला माझी ना नाही, मीही आणली आहेत. पण किंमत विचारण्याआधी आतल्या पानावरचं साल बघा. पायथन २ मध्ये प्रिंटच्या पुढे कंस नसला तरी चालायचं, पायथन ३ मध्ये चालत नाही. आणि पायथन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला. जावास्क्रिप्टच्या पुस्तकात व्हेरिएबल बनवायला जिथेतिथे ‘व्हार’ असेल आणि ‘लेट’, ‘कॉन्स्ट’ औषधालाही सापडत नसतील, तर ते बहुधा २०१५ च्या आधीचं. अल्गोरिदम किंवा डेटाबेसच्या रचनेवरचं पुस्तक मात्र वीस वर्षं जुनं असलं तरी बिनधास्त घ्या.

पीडीएफमधून कोड उचलणं

छपाईत अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि ब्राउझरला ती कळत नाहीत. मग कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, ‘इनव्हॅलिड ऑर अनएक्स्पेक्टेड टोकन’ अशी लाल ओळ येते आणि माणूस तासभर कंस मोजत बसतो. हाताने टाइप करा. चुका होतीलच, पण त्या तुमच्या असतील आणि शोधता येतील.

तो कन्सोल एफ१२ दाबून उघडतो. पान नुसतं पांढरं दिसतंय म्हणून सगळं पुसून पुन्हा लिहिणारे मी कित्येक पाहिले. लाल ओळीत बिघाडाचं कारण आणि ओळीचा क्रमांक दोन्ही असतं. तिथे ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ दिसलं तर बहुतेक वेळा स्क्रिप्ट आधी धावलेली असते आणि बटण पानावर यायचं असतं. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिच्या टॅगला ‘डिफर’ लावा, म्हणजे ती पान वाचून झाल्यावरच धावेल. तरीही तेच आलं, तर बटणाच्या आयडीचं (कोडमधल्या त्याच्या नावाचं) स्पेलिंग तपासा.

आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेल्या एचटीएमएल फाइलच्या शेपटीला चिकटलेलं टीएक्सटी. विंडोज ते लपवून ठेवतं. फाइल एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय एकदा चालू केलात की पुन्हा त्रास नाही.

स्वतःला नको असलेला प्रोजेक्ट करणं

पुस्तकं टू-डू लिस्ट करायला लावतात. ती करून दोन दिवसांत विसरली जाते, कारण ती चुकली तरी कुणाचं काही बिघडत नाही. मी घरच्या दुधाच्या रतीबाचं पान करायला सांगतो. रोज किती लिटर, खाडा कधी, दर काय आणि महिन्याचं बिल किती, एवढंच. दिसायला किरकोळ आहे, पण नवशिक्याला भेटणारे बहुतेक बग, म्हणजे कोडमधले बिघाड, त्यात दबा धरून बसलेले असतात.

पहिला बग पहिल्याच दिवशी भेटतो. दर ६४ रुपये, दूध तीन दिवसांत १, १ आणि अर्धा लिटर. तोंडी हिशोब १६० रुपयांचा. पान दाखवतं ७,०७२! फॉर्मच्या चौकटीतून येणारी व्हॅल्यू हा आकडा नसून मजकूर असतो. बेरीज जिथून सुरू केली त्या शून्याला ‘१’ चिकटला, पुढे आणखी एक ‘१’, मग ‘०.५’; तयार झालं ‘०११०.५’. गंमत म्हणजे गुणाकाराच्या वेळी जावास्क्रिप्ट त्याच मजकुराला गुपचूप आकडा मानतं, म्हणून ११०.५ गुणिले ६४. अधिकचं चिन्ह मजकूर जोडतं आणि गुणाकाराचं चिन्ह आकडे करून घेतं, हा नियम पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेला असतो. सात हजारांचं दूधबिल बघितलेला माणूस तो जन्मात विसरत नाही. चौकटीतून व्हॅल्यू घेतानाच ती ‘नंबर’ फंक्शनमधून काढा, बेरजेपर्यंत थांबू नका.

मग तारखा क्रमाने लावायला जाल. यादी येईल १, १०, ११ अशी आणि २ येईल १९ च्या नंतर. ‘सॉर्ट’ला तुलना कशी करायची ते सांगितलं नाही, तर ते आकड्यांनाही मजकूर समजून लावतं. एक आकडा दुसऱ्यातून वजा करणारं छोटं फंक्शन त्याला द्या.

फेब्रुवारीच्या बिलात ३१ दिवस आले तर गवळ्याशी भांडू नका. जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ला वर्ष, महिना, दिवस असे तीन सुटे आकडे दिले तर महिने ० पासून मोजले जातात. तुम्ही २ लिहिलात म्हणजे मार्च मागितलात.

पैशांचं गणित जरा चकवणारं आहे. ०.१ अधिक ०.२ केलं तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. दुधात हे बराच काळ लक्षात येत नाही, कारण पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या मोजणीत, नेमके बसतात. (आपल्या जुन्या मापांची ही हुशारी मला फार आवडते.) दर ६२ रुपये ४० पैसे झाला की मात्र कधीतरी दशांशचिन्हापुढे शेपूट फुटतं. म्हणून हिशोब पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि दाखवताना शंभराने भागा.

पानावरचं मराठी चिन्हांच्या भेंडोळ्यात बदललं, तर एचटीएमएलमधल्या ‘हेड’च्या सुरुवातीलाच यूटीएफ-८ ची कॅरसेट ओळ घाला, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते ब्राउझरला कळेल. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचं असतं. ब्राउझरने ते सुटे वाचले, तर एका अक्षराची तीन भलतीच चिन्हं होतात.

फक्त आपल्याच लॅपटॉपवर चालवणं

पान सर्व्हरवर चढवल्यावर फोटो गायब झाले, तर फाइलच्या नावातली इंग्रजी लहान-मोठी अक्षरं बघा. विंडोजला सहसा फरक पडत नाही, बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्सला पडतो. बदल केला आणि दिसत नाही? कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, ब्राउझर जुनी प्रत दाखवत असेल.

आणि मग फोन आईच्या हातात द्या. माझ्या एका विद्यार्थिनीने दिला. सगळं नीट चाललेलं होतं. आईने मराठी कीबोर्डवरून दराच्या चौकटीत ‘६४’ टाइप केलं आणि बिलाच्या जागी आलं ‘एनएएन’, म्हणजे हा आकडाच नाही. पायथनचं ‘इंट’ देवनागरी अंक सहज घेतं, जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ घेत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, आपला ० क्रमांक २४०६ वर आहे आणि ९ पर्यंतचे अंक ओळीने पुढे. म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की नेहमीचा अंक मिळतो. तिने ते फंक्शन त्याच रात्री, पुस्तक न उघडता लिहिलं.