जुन्या अमेरिकन कूपे ओळखताना या चुका टाळा

अमेरिकन शर्यतपटू रिचर्ड पेटीच्या 43 नंबरच्या प्लिमथ सुपरबर्डचं छोटं मॉडेल करताना मी तिच्या टपावर टिश्यू पेपर चिकटवला आणि वरून मॅट काळा रंग मारला. विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या आवरणाच्या, टपाचा खरखरीत पोत अगदी हुबेहूब उतरला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग 1970 च्या शर्यतींचे फोटो नीट पाहिले, तर पेटीच्या गाडीचं टप साधं निळ्या रंगाचं! विनाइल होतं ते शोरूममधून विकल्या गेलेल्या सुपरबर्डना. टिश्यू खरवडून काढताना खालचा रंगही निघून आला. तेव्हापासून कुठलीही कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, मी आधी मागून बघतो. वाऱ्याची खरी गोष्ट तिथे कळते आणि काही टोपणनावंही तिथूनच आलेली असतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे देखणी गाडी वारा सहज कापत असणार असं धरून चालणं. 1968 ची डॉज चार्जर घ्या. मधे निमुळती कंबर, आत ओढलेली जाळी, दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या पाखांच्या मधे खोल बसवलेली मागची काच. उभी असली की नजर हटत नाही. पण शर्यतीच्या वेगात ती जाळी हवा कोंडून धरायची, मागे खोल काचेपाशी भोवरे व्हायचे आणि गाडीचं बूड हलकं पडायचं. डॉजने मग जाळी पुढे आणली, मागची काच उताराशी सपाट केली. ती चार्जर 500. फोर्डच्या टोरिनो टॅलाडेगा या शर्यतीच्या गाडीपुढे तेवढं पुरेना, म्हणून 1969 मध्येच चार्जर डेटोना आली. पुढे लांब टोकदार नाक, मागे 23 इंच उंचीचा पंख. 24 मार्च 1970 ला चालक बडी बेकरने अमेरिकेतल्या टॅलाडेगा नावाच्याच ट्रॅकवर डेटोना ताशी 200.447 मैलांनी पळवली, म्हणजे जवळपास 323 किलोमीटर. ट्रॅकवर 200 मैलांच्या पुढे स्टॉक कार, म्हणजे विक्रीच्या गाडीवर बेतलेली शर्यतीची गाडी, पहिल्यांदाच गेली.

हा वेग पंखाने दिला असं बरेच जण लिहितात. तसं नाही. वाऱ्याचा अडथळा कमी केला तो नाकाने आणि सपाट काचेने. पंखाचं काम मागची चाकं रस्त्यावर दाबून धरायचं आणि त्याच्या दोन उभ्या पट्ट्यांचं काम गाडी सरळ ठेवायचं. मॉडेल करणाऱ्यांनी म्हणूनच नाकाच्या सांध्याला पंखाइतकाच वेळ द्यावा.

डेटोना आणि सुपरबर्ड एकच समजणं ही पुढची चूक. डेटोना डॉजची, 1969 ची, फक्त 503 बनल्या. सुपरबर्ड प्लिमथची, 1970 ची, 1,900 हून जास्त. सुपरबर्डचा पंख जास्त उंच आणि मागे झुकलेला. तिच्या मागच्या काचेभोवती बसवलेल्या पत्र्याचे सांधे घासूनपुसून लपवण्यात वेळ गेला असता, म्हणून वर विनाइल चढवलं. माझं टप फसलं ते इथे. शर्यतीच्या गाडीला ती सजावट नकोच होती.

टोपणनावं वाचतानाही घाई नको. फोर्ड थंडरबर्डची तर पिढीगणिक वेगळी आहेत. 1958 ते 60 ची स्क्वेअर बर्ड, 1961 ते 63 ची बुलेट बर्ड. बुलेट म्हटल्यावर सुसाट शर्यतीची गाडी डोळ्यांसमोर येते, पण ती ऐसपैस, वजनदार, आरामात फिरायची गाडी होती. नाव पडलं ते टोकदार आकारामुळे. वाऱ्याचा हिशेब खरोखर मांडला 1983 च्या एरो बर्डने. तिचा वातरोध गुणांक (जितका कमी तितका वाऱ्याचा अडथळा कमी) 0.35 होता. त्याच पिढीच्या 1987 च्या थंडरबर्डमध्ये चालक बिल एलियटने टॅलाडेगाला ताशी 212.809 मैलांची पात्रता फेरी मारली. ‘स्क्रीमिंग चिकन’ हे नाव मात्र सरसकट प्रत्येक पॉन्टिॲक फायरबर्डला लावू नका. 1973 पासून बॉनेटभर पसरलेला तो मोठा पक्षी फायरबर्डच्या ट्रान्स ॲम या प्रकारावरचा आहे.

शेव्हरोले कॉर्व्हेटच्या बाबतीत नावातल्या दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा गोंधळ करते. 1963 ते 67 ‘स्टिंग रे’ असे दोन शब्द, 1968 ला हे नावच नाही आणि 1969 ते 76 ‘स्टिंगरे’ असा एकच शब्द. मागच्या काचेच्या मधोमध कणा असलेली ‘स्प्लिट विंडो’ कूपे फक्त 1963 ची. डिझाइनप्रमुख बिल मिचेलला तो कणा हवा होता. इंजिनिअर झोरा अर्कस-डंटॉव्हला मागचा रस्ता दिसेना, म्हणून तो नको होता. 1964 ला काच अखंड झाली. त्या काळी काही मालकांनी स्वतःच कणा कापून नवी काच बसवली. आता 1963 च्या गाडीची किंमत चढल्यावर उलटं होतं आणि 1964 च्या गाडीला कणा जोडला जातो. त्यामुळे इथे मागची काच बघून गाडी ठरवू नका. बॉनेटवरच्या दोन खोलगट जागांत दिखाऊ जाळ्या आहेत का ते बघा, कारण त्या 1963 च्याच. पण बॉनेटही बदलता येतं. म्हणून शेवटी दार उघडून खाली वाका. ग्लोव्ह बॉक्सखालच्या पट्टीवर नंबराची प्लेट असते. 1963 च्या कूपेचा नंबर 30837 ने सुरू होतो, 1964 च्या कूपेचा 40837 ने.