कुत्र्याचं आणि मांजराचं पिल्लू एकदमच आणताय? आधी वजनकाटा आणा

भाची पुढच्या महिन्यात दोन पिल्लं घरी आणतेय, एक कुत्र्याचं, एक मांजराचं, दोन्ही दोन-दोन महिन्यांची. परवा तिनं खरेदीची यादी पाठवली. ‘मावशी, काही राहिलंय का बघ गं.’ पट्टा, वाट्या, गाद्या, दोघांचं वेगवेगळं खाणं, मांजराच्या शी-शूचा ट्रे, सगळं होतं. चार वर्षांपूर्वी माझ्याही यादीत हे सगळं होतं. आणि माझ्या यादीत जे नव्हतं, नेमकं तेच तिच्याही यादीत नाही: स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.

वाट्या-पट्ट्यांबद्दल काही सांगत नाही, ते कुणी विसरत नाही. मांजरासाठी उथळ ताटली घ्या, एवढंच. काट्याबद्दल मात्र नीट वाचा.

आमची चिमी, म्हणजे मांजराचं पिल्लू, आली तेव्हा जंताच्या औषधासाठी डॉक्टरांनी तिचं वजन केलं होतं, 720 ग्रॅम. कार्डावर लिहिलेलं होतं. घरी भुऱ्या, कुत्र्याचं पिल्लू, तिच्याच वयाचा, देशी, खादाड. दोघांच्या वाट्या शेजारी-शेजारी मांडायची, दहा मिनिटांनी बघावं तर दोन्ही चाटूनपुसून साफ. मला वाटायचं, वा, पोरगी छान जेवते. भुऱ्याला पातळ शी व्हायला लागली, तर मी हवापालट म्हणून सोडून दिलं. दहाव्या दिवशी चिमीला उचललं आणि पाठीचा मणका न् मणका बोटांना लागला. दवाखान्यात काट्यावर ठेवली: 690. या वयात मांजराचं पिल्लू आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढतं. म्हणजे दीडशेच्या आसपास वाढायला हवी होती, ती तीस ग्रॅम घटली होती. दोन घास खाऊन ती बाजूला व्हायची आणि उरलेलं सगळं भुऱ्या फस्त करायचा. वाटी रोज रिकामी होती, पोट कुणाचं भरतंय ते वाटी सांगत नाही. काटा सांगतो.

तेव्हा काटा आणा. माणसं उभी राहतात तो नको, त्यावर वीस-तीस ग्रॅमचा फरक कळतच नाही. पीठ मोजायचा घ्या, पाच किलोपर्यंतचा, एक-एक ग्रॅम दाखवणारा. त्यावर प्लॅस्टिकचा खोलगट डबा ठेवून आकडा शून्यावर आणायचा, तळाशी जुना रुमाल टाकून मग पुन्हा शून्य करायचं आणि पिल्लू आत बसवायचं. ते हलतं, आकडा नाचतो. हातानं हलकेच दाबू नका, दोन क्षण थांबा. रोज सकाळी, खाण्याआधी. आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणू नका, राहत नाही. एक दिवस वजन वाढलं नाही तर बारीक लक्ष ठेवा. दोन दिवस वाढलं नाही किंवा घटलं, तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. एवढी लहान पिल्लं उपाशी राहिली की रक्तातली साखर झपाट्यानं उतरते आणि ती गळून जातात.

आता खाणं वेगळं का, ते. पुष्कळ घरांत ‘एकाच पिशवीतलं दोघांना घालू’ असं चालतं. चालवू नका. मांजराला टॉरिन नावाचा पोषक घटक अन्नातूनच मिळावा लागतो, पुरेसं ते शरीरात तयार होत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाचा हा संबंध 1987 साली संशोधनातून पुढे आला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. कुत्र्याचं शरीर ते सहसा स्वतः बनवतं, त्यामुळे त्याच्या खाण्यात ते मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही. उलट मांजराचं खाणं प्रथिनं-चरबीनं जड, कुत्र्याला ते फार आवडतं आणि पोट बिघडवतं. भुऱ्याची पातळ शी त्याचीच होती.

‘मांजराचं खाणं उंचावर ठेवा’ हा सल्ला सगळे देतात. मोठ्या मांजराला ठीक आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला ओट्यावर चढता येत नाही, आणि चढायला स्टूल ठेवलं तर कुत्रंही चढतं. म्हणून दार. मांजर खोलीत, दार बंद, आणि तुम्ही आत तिच्याजवळ बसा. मांजर थोडं खातं, फिरून येतं, परत खातं, त्याला वीस मिनिटं द्या. कुत्रं दाराबाहेर रडेल, रडू द्या, त्यालाही त्याच वेळी त्याची वाटी द्या. वेळ संपली की दोन्ही वाट्या उचला. उरलेलं तिथेच ठेवून भांडी घासायला गेलात की दार कुणीतरी उघडतंच.

मांजराला दिवसातून चारदा, कुत्र्याला तीन-चारदा. जिथून आणलं तिथं जे खात होतं तेच आधी द्या, आणि आठवडाभरात हळूहळू नवं मिसळत जा.

आजी-आजोबा घरात असतील तर दुधाचं आधीच बोलून घ्या. मांजर म्हटलं की बशीत दूध येतंच, आणि गायी-म्हशीच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना जुलाब लागतात. आमटीत कालवलेली पोळी, रश्श्यातलं चिकन नको. कांदा-लसूण दोघांनाही विषारी, मांजराला जास्तच, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घरचं द्यायचं तर बिनमीठ-मसाल्याचं उकडलेलं चिकन, हाडं काढून, तेही वरचा घास म्हणून. चॉकलेट, मनुका, द्राक्षं हाताशी ठेवू नका. ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, जीव जातो.

मुंग्यांसाठी परातीत बोटभर पाणी आणि मधे ताटली. पाण्याची भांडी खाण्यापासून लांब, दोन-तीन ठिकाणी.

ट्रे कुत्र्याला पोचणार नाही अशा जागी ठेवा, मांजराची शी कुत्री खातात. जंताचं औषध दोघांना, डॉक्टर सांगतील त्या तारखांना, आणि मात्रा वजनावर ठरते, म्हणजे पुन्हा काटाच. कुत्र्याच्या गोचिडांच्या औषधात पर्मेथ्रिन हे मांजराला विषारी कीटकनाशक असेल तर ते मांजराला लावायचं नाहीच, लावलेल्या कुत्र्याला चिकटून झोपूही द्यायचं नाही. लसी वेळेवर.

चिमी आता चार किलोची आहे. भाचीनं यादीत काटा लिहिला, पण ‘आल्यावर बघू’ म्हणाली. आल्यावर नाही. पहिल्या दिवशीचं, पहिल्या घासाआधीचं वजन हवं, नाहीतर पुढचे आकडे कशाशी ताडणार? पिल्लं यायच्या आधी काटा घरात हवा, आणि सोबत एक जास्तीचा सेल.