कंपायलरमधील बग कसा शोधावा आणि कसा दुरुस्त करावा

कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर, संशय आला, तरी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासावा. सी भाषेत चिन्हासहित पूर्णांकाची कमाल मर्यादा ओलांडली गेल्यास काय घडावे, हे भाषेच्या मानकाने ठरवलेलेच नाही. म्हणून ‘एक मिळवल्यावर ही संख्या पूर्वीपेक्षा मोठी होते का’ ही अट ऑप्टिमायझर (कोड अधिक वेगवान करणारा कंपायलरचा भाग) नेहमीच खरी धरू शकतो आणि तपासणी काढून टाकू शकतो. ऑप्टिमायझेशन बंद केल्यावर प्रोग्राम नीट चालतो, एवढ्यावरून दोष कंपायलरचा ठरत नाही. यूबीसॅन (मानकाने न ठरवलेले वर्तन पकडणारे साधन) आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) लावून प्रोग्राम चालवावा, आणि त्यातून काही निघाले नाही तरच पुढे जावे.

कंपायलर स्वतःच कोसळत असेल, तर काम त्यामानाने सोपे असते, कारण असर्शन (कंपायलरच्या कोडमध्येच लिहिलेली तपासणी) कोठे मोडले ते स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत, दिसते. खरी परीक्षा असते ती कंपायलर काहीही न बोलता चुकीचा कोड तयार करतो तेव्हा.

अशा वेळी टेस्ट केस, म्हणजे बग दाखवणारा प्रोग्राम, लहान करणे हे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि त्यात घाई करू नये. आधी प्रीप्रोसेसरचे (हेडर फाइली कोडमध्ये उतरवणाऱ्या पहिल्या टप्प्याचे) आउटपुट एका फाइलमध्ये घ्यावे, म्हणजे हेडर फाइलींवरचे अवलंबित्व संपते. त्यानंतर युटा विद्यापीठात विकसित झालेल्या सी-रिड्यूससारख्या साधनाकडे ती फाइल सोपवावी. हे साधन कोडचे तुकडे काढत जाते आणि प्रत्येक वेळी आपण दिलेल्या स्क्रिप्टला ‘बग अजून शिल्लक आहे का’ असे विचारते. ही स्क्रिप्ट कडक असली पाहिजे: ऑप्टिमायझेशनसह आणि त्याविना मिळणारी उत्तरे वेगळी आहेत, एवढेच न पाहता सॅनिटायझरची तक्रार नाही, हेही तिने प्रत्येक वेळी पाहावे, अन्यथा शेवटी हाती येणारा दहा ओळींचा प्रोग्राम स्वतःच सदोष निघतो आणि मूळ बग वाटेतच हरवतो.

आता दोष कोठे शिरला ते पाहावे. जुन्या आवृत्तीत तो नसेल, तर गिट बायसेक्ट (दर वेळी निम्मे बदल वगळत दोषी बदल शोधणारी आज्ञा) वापरावे. १००० कमिटांतून, म्हणजे नोंदवलेल्या बदलांतून, दोषी कमिट काढायला साधारण १० चाचण्या पुरतात. मात्र तो कमिट दोष उघडा पाडणाराही असू शकतो, निर्माण करणाराच असेल असे नाही. म्हणून कोणत्या पासनंतर (ऑप्टिमायझेशनच्या टप्प्यानंतर) प्रोग्रामचे मध्यवर्ती रूप, म्हणजे कंपायलर आतून वापरतो ते रूप, बिघडते, हेही तपासावे. एलएलव्हीएम या कंपायलर-संचात ऑप्टिमायझेशनचे पास ठरावीक क्रमांकापर्यंतच चालवण्याची सोय आहे, तर जीसीसी हा कंपायलर प्रत्येक पासनंतरचे रूप फाइलमध्ये उतरवून देऊ शकतो.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, २ ने भागण्याऐवजी बिट एक घर उजवीकडे सरकवावेत, असा नियम ऑप्टिमायझरमध्ये आहे. सी भाषेत −७ ला २ ने भागल्यास पूर्णांकी उत्तर −३ येते; चिन्ह राखून बिट सरकवल्यास मात्र −४ येते. −८ घेतले तर दोन्ही मार्गांनी −४ च मिळते, त्यामुळे केवळ सम संख्यांवर केलेल्या चाचण्या हा दोष कधीच पकडत नाहीत. ऋण संख्येत आधी १ मिळवून मग बिट सरकवणे, ही त्यावरची दुरुस्ती झाली.

पण ती लगेच करू नये. संख्या ऋण नाही हे सिद्ध झाले असेल, तर नुसते सरकवणे अगदी बरोबर असते. तेव्हा नियमाने ही खात्री केलीच नव्हती, की आधीच्या एखाद्या पासने ‘ही संख्या ऋण नाही’ अशी खोटी माहिती पुरवली होती, हे शोधले पाहिजे. दुसरी शक्यता खरी असेल आणि आपण भागाकाराचा नियमच बदलला, तर लक्षण झाकले जाते, बरोबर असलेले ऑप्टिमायझेशन गमावले जाते आणि ती खोटी माहिती दुसऱ्या एखाद्या पासला फसवत राहते. माझ्या मते कंपायलरच्या दुरुस्तीत याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

दुरुस्तीसोबत टेस्ट जोडावी, आणि ती दुरुस्तीपूर्वी अपयशी ठरते याची स्वतः खात्री करावी. ८ बिटांच्या संख्येला २५६ च किमती असतात, त्या सगळ्याच तपासाव्यात. एलएलव्हीएमच्या रूपांतरांसाठी अलाइव्ह-टू हे साधन रूपांतरापूर्वीच्या आणि नंतरच्या रूपांची गणिती तुलना करते. यादृच्छिक प्रोग्राम रचणारे सीस्मिथही चालवून पाहावे. २०११ मध्ये त्याच्या कर्त्यांनी त्यातून सापडलेले ३२५ हून अधिक बग नोंदवल्याचे सांगितले होते.

बग दुसऱ्याकडे सोपवायचा असेल, तर कंपायलरची नेमकी आवृत्ती, लक्ष्य प्रोसेसर, संपूर्ण कमांड, लहान केलेला प्रोग्राम आणि अपेक्षित व प्रत्यक्ष उत्तर नोंदीत द्यावे.

शेवटी त्याच नियमाची भावंडे शोधावीत. ४ ने भागताना ऋण संख्येत ३ मिळवावे लागतात आणि ८ ने भागताना ७; तेथेही केवळ १ मिळवले जात असेल, तर −७ ला ४ ने भागल्यावर −१ ऐवजी −२ येईल.