डॉबरमनच्या पिल्लाचे कान कापावेत का? निर्णयाआधी तपासण्याच्या गोष्टी

डॉबरमनचे पिल्लू आणायचे ठरले की नाव, पट्टा, खाणे यांची चर्चा घरात महिनाभर आधी सुरू होते. कानांचा विषय मात्र पिल्लू ताब्यात देताना विक्रेता ‘कान करून देऊ का?’ असे विचारतो तेव्हाच निघतो. कान कापण्याची, म्हणजे मूळचे पडलेले कान आखूड करून उभे करण्याची, शस्त्रक्रिया साधारणपणे सातव्या ते बाराव्या आठवड्यात केली जाते आणि पिल्लू आठव्या आठवड्याच्या सुमारास घरी येते. म्हणजे विचाराला जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात आणि तेही कौतुकात निघून जातात. म्हणून हा निर्णय पिल्लासाठी विसार देण्याआधीच झालेला असावा. कान कापू नयेत असे माझे ठाम मत आहे. ते कसे बनले हे पुढे सांगतोच, परंतु आपण प्रत्येक मुद्दा स्वतः पारखून घ्यावा.

सर्वप्रथम कान कशासाठी कापायचे, हे घरातल्या प्रत्येकाने स्पष्ट सांगावे. नाशिकमध्ये दोन उत्तरे हमखास मिळतात. दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार राखणीचे कारण देतात, तर शहरातले लोक रुबाबाचे. राखणीचे कारण एके काळी खरे होते. जर्मनीतील अपोल्डा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करवसुली करणारे कार्ल फ्रिडरिक लुई डॉबरमन यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी ही जात घडवली, आणि झटापटीत कुत्र्याचा कान कोणाच्या हाती किंवा दातांत सापडू नये म्हणून तो आखूड करण्याची रीत पडली. आज मळ्यावरच्या कुत्र्याचे काम वेळेवर भुंकून घरच्यांना जागे करणे एवढेच असते. रात्रीच्या अंधारात बागेत शिरणाऱ्याला कानांचा आकार दिसत नाही, भुंकणे तेवढे ऐकू येते. जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे तर कान उभे असोत वा पडलेले, कुत्र्याला रात्री बंदिस्त निवारा लागतो आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते त्यावर करावेत.

उरतो तो रुबाब. त्याबाबत एकच सुचवावेसे वाटते : पूर्ण वाढलेला, कान न कापलेला डॉबरमन घरच्यांना, विशेषतः उभ्या कानांचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांना, प्रत्यक्ष दाखवावा. खुद्द जर्मनीत १९८० च्या दशकापासून कान कापण्यास बंदी आहे आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या सध्याच्या प्रमाणकातही या जातीचे कान नैसर्गिक स्थितीतच असावेत असे म्हटले आहे.

कापलेल्या कानांत हवा खेळते आणि संसर्ग होत नाही, हा दावा विक्रेते फार आत्मविश्वासाने करतात. कुत्र्यांच्या कानांचे वारंवार होणारे विकार बहुतेकदा ॲलर्जी, आत साचलेली ओल, परजीवी किंवा कानाच्या नळीची मुळातली ठेवण यांतून उद्भवतात. वरची पाळी कापल्याने यांतले काहीच दूर होत नाही. ऐकण्याची शक्ती वाढते या समजुतीलाही आधार नाही.

आता प्रत्यक्ष काय करतात ते समजून घ्यावे. पिल्लाला पूर्ण भूल देऊन कानाच्या पाळीचा मोठा भाग कापतात, कडेला टाके घालतात आणि उरलेला भाग आधारावर ताणून बांधतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. कान आपोआप उभे राहत नाहीत. दर पाच-सात दिवसांनी जुनी टेप काढून, कातडी साफ करून, पूर्ण वाळवून कान पुन्हा बांधावे लागतात आणि दात बदलण्याचा काळ संपेपर्यंत, म्हणजे अनेकदा सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत, हे चालू ठेवावे लागते.

आमच्या पहिल्या डॉबरमनचे कान आम्ही कापून घेतले होते. तेव्हा आम्ही इंदिरानगरला राहत होतो आणि शस्त्रक्रिया झाली जुलैमध्ये. पावसाची झड सलग आठ-दहा दिवस लागली होती, घरातले कपडेही वाळत नव्हते, तिथे पट्टी कोरडी राहण्याची आशाच नव्हती. एके संध्याकाळी डाव्या कानापाशी कुबट वास आला. टेप सोडली तर आतली कातडी पांढरी, भिजून सुरकुतलेली आणि टाक्यांच्या ओळीशी पिवळसर ओल. ती कापसाने पुसताना पिल्लू ओरडले नाही. माझ्या मनगटावर हनुवटी टेकवून थरथरत उभे राहिले. जखम पुढे भरली, पण डावा कान कधीच उभा राहिला नाही. डोक्याकडे हात येताना दिसला की मान चुकवण्याची त्याची सवय मात्र अखेरपर्यंत टिकली. तो निर्णय आमचा होता आणि त्याची किंमत त्याने मोजली, ही बोच अजून गेलेली नाही.

या जातीत आणखी एक धोका आहे आणि तो विक्रेते क्वचितच सांगतात. रक्त गोठण्यास लागणाऱ्या एका प्रथिनाची कमतरता, म्हणजे व्हॉन विलेब्रांड विकार, डॉबरमनमध्ये बराच आढळतो. असे पिल्लू वरकरणी ठणठणीत असते आणि शस्त्रक्रियेत किंवा दात पडताना रक्त थांबेनासे झाले म्हणजेच दोष कळतो. याची तपासणी रक्तातून वा जनुकीय चाचणीने करता येते. कानांबाबत निर्णय काहीही असला तरी आई-वडिलांच्या या चाचणीची चौकशी अवश्य करावी, कारण पुढे नसबंदीसारखी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू माणसे, मुले, गाड्यांचे आवाज, अनोळखी स्पर्श या सगळ्यांशी ओळख करून घेते. डॉबरमनसारख्या ताकदवान आणि संवेदनशील कुत्र्याच्या बाबतीत ही ओळख नीट होणे अत्यावश्यक असते, आणि नेमके त्याच आठवड्यांत त्याचे डोके दुखते ठेवायचे का, याचा विचार व्हावा.

कायद्याची बाजूही पाहावी. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार प्राण्याचे अंग विच्छिन्न करणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे व वेसण घालणे यांना सूट दिली आहे. कान कापणे त्या यादीत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये कान व शेपूट कापण्याविरुद्ध पत्र काढले होते, ते २०१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केले. मूळ कायद्यातील कलम मात्र कायम आहे. अनेक पशुवैद्यक हे काम नाकारतात. अशा वेळी ‘आमचा माणूस घरी येऊन करून जातो’ असे कोणी सुचवले तर तिथेच थांबावे. भूल आणि निर्जंतुक साधने नसताना केलेले हे काम पिल्लाच्या जिवावर बेतू शकते.

विक्रेत्याशी बोलताना ‘बघू नंतर’ असे म्हणू नये, कारण त्याचा अर्थ होकार असाच घेतला जातो. पिल्लाचे कान आणि शेपूट जसे आहे तसेच हवे, हे विसार देतानाच लेखी द्यावे. शेपूट तर जन्मानंतर काही दिवसांतच कापतात, म्हणून ते आणखी आधी सांगावे लागते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास नियमांनी मनाई आहे, तेव्हा त्याआधी नेण्याची घाई करणाऱ्या विक्रेत्याकडून पिल्लू घेऊच नये.

पिल्लू आधीच कान कापलेले मिळाले तर त्याला नाकारण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेची तारीख, दिलेली औषधे आणि टाक्यांची स्थिती विचारून दोन दिवसांत पशुवैद्यकाला दाखवावे. पावसाळा असेल तर पट्टी रोज हुंगून पाहावी. वास, सूज किंवा ओल जाणवली तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. कान उभे राहत नसतील तर दुसऱ्यांदा कापण्याच्या फंदात पडू नये.

नैसर्गिक कानांना निगा थोडीच लागते. दात बदलण्याच्या दिवसांत एक कान मागे वळलेला, दुसरा बाजूला गेलेला असे चित्र दिसते. त्याची काळजी करू नये. गोठा जवळ असेल तर पाळीच्या आतल्या घडीत गोचीड लपतात. आठवड्यातून एकदा पिल्लाला मांडीशी घेऊन पाळी उलटावी, बोटाने कडेपर्यंत चाचपावे, वास घ्यावा आणि बाहेरचा भाग कोरड्या मऊ कापडाने पुसावा. आंघोळीनंतर हे न चुकता करावे. नळीत काडी वा कापूस घालू नये.