ग्वांगझौच्या शामियानवर गाइडबरोबर फिरताना

चीनमधल्या ग्वांगझौ शहरातलं शामियान बेट जेमतेम ९०० मीटर लांब आहे, त्यामुळे गाइडेड वॉक घ्यायचा तर सकाळी लवकरचा घ्या. उशीर झाला की वडाखालच्या प्रत्येक वळणावर लग्नाचं फोटोशूट सुरू असतं. ग्वांगझौची दमट हवा मुंबईकराला नवी नाही, पण उन्हाळा टाळून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गेलात तर बरं.

बहुतेक गाइड चर्च आणि बाल्कन्या दाखवत सुटतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, सुरुवात उत्तरेच्या कालव्यापासून करू या. हाच कालवा खणून १८५९ ते १८६१ मध्ये बेट शहरापासून तोडलं आणि इंग्रज-फ्रेंचांनी आपसात वाटून घेतलं. पलीकडच्या रस्त्याचं नाव लिउ-अर-सान, म्हणजे सहा-दोन-तीन, सहाव्या महिन्याची तेवीस तारीख. २३ जून १९२५ ला इथल्या मोर्च्यावर बेटावरून गोळीबार झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. ही तारीख डोक्यात ठेवून मागे वळून पाहा, त्या पिवळ्या कमानी मग नुसत्या गोड वाटत नाहीत.

वेळ उरला तर पूर्वेला कल्चर पार्कपर्यंत चला. जुन्या परदेशी वखारी त्याच भागात होत्या, १८५६ मध्ये जळाल्या. जमशेटजी जीजीभॉय अफू-कापसाच्या व्यापारासाठी कँटनला (ग्वांगझौचं जुनं नाव) यायचे ते त्या वखारींच्या काळात. गाइड हे बहुधा सांगणार नाही, आपणच विचारायचं.

बेटावरून परतीला ह्वांगशा मेट्रो जवळ पडते.