ह्यांची दारू आणि मला सापडलेली मीटिंग

ह्यांच्या दारूला अकरा वर्षं झाली, परभणीत आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत पण मी कुणापाशी बोलत नव्हते, माहेरी सेलूला गेले तरी आईला म्हणायचे सगळं चांगलं चाललंय. मागच्या पोळ्याला लईच झालं. रात्री दोनला रडत बसले आणि १४४१६ लावला, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारचा फुकट नंबर आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. तिकडच्या ताईंनी मधी न तोडता ऐकलं आणि विचारलं, तुम्ही स्वतःसाठी काय करायलाव? मला उत्तरच आलं नाही.

मग शोधायला लागले. एए म्हंजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे दारू सोडू बघणाऱ्यांचं मंडळ, १९३५ पासूनचं, पण पिणाऱ्याच्या घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन हे वेगळं मंडळ असतं हे मला कुठं माहीत! फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, तिथलं बोलणं तिथंच राहतं. जवळ मीटिंग सापडली नाही म्हणून मोबाईलवरच ऑनलाइन बसते, लेकरं शाळेत गेल्यावर, पहिल्या तीन वेळा नुसतं ऐकलं, चौथ्या वेळी बोलले आणि बोलता बोलता कळलं की ह्यांच्या साहेबाला खोटं सांगणं, दुकानाची उधारी फेडणं, हे सगळं तर मीच करायले.

ते बंद केलं. हे अजून पितात. पण मला झोप लागायली आणि आईला खरं सांगून टाकलं.

घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी १८१, बायकांसाठीची हेल्पलाइन, लावा, मीटिंगचं नंतर बघा.